उजेडाची उसनवारी

परवा नगरला एका लग्नात हातात ताट धरून उभा होतो. शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ येऊन टेकले. वीज कंपन्यांना सल्ला देणं हा त्यांचा धंदा. त्यांनी मला वीज क्षेत्राची पुनर्रचना समजावून सांगायला घेतली. क्षेत्र खुलं करणार, स्पर्धा आणणार, गिऱ्हाइकाला हवी ती कंपनी निवडता येणार. मी जिलबी खात ‘अरे वा’, ‘असं का’ म्हणत राहिलो. आपला उभा जन्म विजेच्या खांबावर गेलाय हे काही त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते दुसऱ्या कोणाला गाठायला गेले असते आणि माझी करमणूक बुडाली असती.

पुनर्रचना मी पाहिलेली आहे हो. आमच्या गावात ती धुळीनं माखलेल्या जीपमधून आली होती आणि आल्याआल्या तिनं प्यायला गरम पाणी मागितलं होतं. आधी गावोगावी खाजगी कंपन्या होत्या, त्या मोडून सरकारी वीज बोर्डात घातल्या. पुढं बोर्ड मोडून परत कंपन्या केल्या. म्हणजे मी नोकरीला लागलो तिथंच गाडी फिरून आली. मधल्यामधे माझे गुडघे तेवढे गेले.

गावाचं नाव सांगत नाही. राहुरी आणि नेवासं यांच्या मधे कुठंतरी आहे असं समजा. तिथली माणसं अजून मला बाजारात गाठतात आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या फ्यूजबद्दल भांडतात. उगाच त्यांच्या हातात छापील पुरावा कशाला द्या!

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. गावात एका शेठजींची इलेक्ट्रिक कंपनी होती. कंपनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काचेची इमारत येत असेल तर ती पुसून टाका. एक पत्र्याची शेड, शेडमधे एक डिझेलचं इंजिन, आणि आम्ही पाचसहा माणसं. त्या शेडला गाव पावरहाऊस म्हणायचं. मी वायरमन. माझ्या ताब्यात एक सायकल, एक शिडी आणि एक पक्कड. पक्कड चांगली होती.

इंजिन चालवायचे उस्मानचाचा. उंच माणूस, मेंदीनं लाल केलेली दाढी आणि तोंड असं फटकळ की शेठजीसुद्धा शेडमधे शिरताना खाकरून शिरायचे. इंजिन नगरहून गावात आलं तेव्हा ते बसवायला म्हणून चाचा त्याच्याबरोबर आले आणि परत गेलेच नाहीत. शेडच्या मागच्या दोन खोल्यांत चाचा, चाची आणि एकुलती मुलगी रेहाना. इंजिनाला त्यांनी नवाब नाव ठेवलं होतं. आपण नवाबाच्या पोटातून रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं उजेड काढतो आणि गावाला वाटतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती काढायला जाण्यात अर्थ नव्हता.

आता जरा धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नवाबाची ताकद बेताची. गाव किती वीज ओढतंय हे दाखवणारा एक काटा चाचांच्या समोर पॅनेलवर असायचा. काटा फार वर चढला की नवाब कण्हायला लागायचा, गावातले बल्ब तांबडे व्हायचे, आणि चाचा शेडच्या दारात येऊन गावाला शिव्या घालायचे. त्या शिव्या पहिल्या दोन आळ्यांपर्यंत पोचायच्या आणि तेवढ्यानंही भार थोडा उतरायचा.

दुसरी गोष्ट हवेची. असलं मोठं इंजिन हँडल मारून सुरू होत नाही. एका लोखंडी टाकीत दाबून भरलेली हवा असते, ती सोडली की इंजिन पहिला धक्का घेतं. टाकी भरते इंजिन चालू असतानाच. म्हणजे इंजिन बंद आणि टाकीही रिकामी, असं झालं की बसा बोंबलत. आमच्या पावरहाऊसचा भोंगा त्याच टाकीवर वाजायचा. म्हणून मी कधी हौसेनं भोंग्याची साखळी जरा जास्त ओढली, की चाचा ओरडायचे, ‘‘हवा काय तुझ्या आज्यानं भरली व्हती का रं?’’

आता एवढ्याशा इंजिनावर गावातली लग्नं कशी लागायची? तर उसनवारीनं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा आमच्या गावात उजेड उसना मिळायचा. घरात लग्न निघालं की पहिली अक्षत मारुतीला आणि दुसरी पावरहाऊसला. यजमान हळदकुंकू लावलेली पत्रिका घेऊन यायचे, चाचा ती पॅनेलवर ठेवायचे, आणि मग लग्नाच्या संध्याकाळी माझी ड्युटी लागायची. मी सायकलवरून घंटी वाजवत गावातून फिरायचो. घंटी वाजली की लोकांनी काय ते समजायचं. इस्त्री बंद, रेडिओ बंद, चक्की बंद, घरटी एक बत्ती ठेवायची आणि बाकीच्या मालवायच्या. त्या वाचलेल्या उजेडात मांडवाची रोषणाई झगमगायची. वरात मांडवात परत आली की चाचा भोंगा द्यायचे. भोंगा म्हणजे आता मोकळं, काय लावायचं ते लावा. भोंग्याच्या आधी दिवा लावणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नसे.

हे कुठल्याही कायद्यात नव्हतं. पण कायद्यापेक्षा बरं चालायचं, कारण प्रत्येकाच्या घरात एक तरी पोर लग्नाचं होतं.

एकच माणूस ऐकायचं नाही, गंगूबाई चक्कीवाली. नवरा गेल्यावर तिनं पिठाची चक्की स्वतः चालवायला घेतली, आणि गावातला सगळ्यात मोठा भार तिचाच. पदर खोचून ती मला दारातच गाठायची. ‘‘ज्याचं लगीन त्याला लागली उजेडाची हौस. माज्या दळणाचं काय? नवरी काय अख्खे गहू खानार हाय?’’ मी हात जोडायचो, चाचा दातओठ खायचे, पण गंगूबाईनं चक्की कधी थांबवली नाही. चाचा तिला ‘हडळ’ म्हणायचे आणि दळण तिच्याकडंच टाकायचे.

आणखी एक गिऱ्हाईक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. भिकोबा नावाचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले की त्यांची लाइट शेजारचा संपत पितो. कसं काय? तर तार आधी संपतच्या घरावरून जाते. ‘‘तो आदुगर पोटभर घेतो, मग उरल्यालं मला येतं. म्हनून माजा बलब मंद हाय.’’ बल्ब त्यांनी जन्मात पुसलेला नव्हता हे मला दिसत होतं. पण तसं सांगितलं असतं तर मी संपतचा माणूस ठरलो असतो. मी गंभीर चेहऱ्यानं खांबावर चढलो, वर बसून एक विडी ओढली, खाली उतरलो, आणि बोलता बोलता बल्ब रुमालानं पुसला. ‘‘आता आधी तुम्हाला, मग संपतला,’’ म्हटलं. भिकोबा खूश झाले. दोन दिवसांनी संपत आला. मी परत चढलो.

तर असा सगळा सुखाचा संसार चालला असताना बातमी आली की बोर्ड कंपनी घेणार. सरकारचं धोरणच ठरलं होतं, गावोगावच्या छोट्या कंपन्या जमा करायच्या आणि लांबून येणारी मोठी लाइन सगळीकडं फिरवायची. त्यात दुष्काळ पडून गेलेला. विहिरींवर पंप बसवायला वीज पाहिजे म्हणून शेतकरी टाहो फोडत होते, आणि नवाबाला तर गावातल्या इस्त्र्याच झेपत नव्हत्या. शेठजींनी मुकाट्यानं मान डोलावली. त्यांचं वय झालं होतं आणि मुलांना कापडाच्या धंद्यात गोडी होती.

जीपमधून बोर्डाचे साहेब आले ते पुण्याचे. बारीक अंगाचे, सरळ, थर्मासमधून गरम पाणी पिणारे. त्यांनी आम्हा सगळ्यांना शेडमधे बसवून आडपडदा न ठेवता सांगितलं. ‘‘हे बघा, माझ्या हातात एकच गोष्ट आहे. गावाचा भार पुरेसा दिसला तर मला इथं स्वतंत्र ऑफिस देता येईल. मग तुम्ही सगळे इथंच राहाल, आणि उस्मानचाचांनाही पॅनेलवर घेता येईल. भार नसेल तर गाव तालुक्याला जोडावं लागेल. मग इथं एक वायरमन पुरतो. बाकीच्यांच्या बदल्या होतील.’’

‘‘आन् माजं?’’ चाचांनी विचारलं.

साहेबांनी थर्मासचं झाकण फिरवलं. ‘‘चाचा, तुमचं वय झालंय, सर्टिफिकेट नाही. इथं ऑफिस झालं तर मी तुम्हाला घेऊ शकतो. नाही झालं तर मला दुसरीकडं जागा काढता येणार नाही. खोल्याही सोडाव्या लागतील.’’

उद्घाटनाच्या संध्याकाळी नव्या पॅनेलवरचा काटा मी स्वतः बघणार आणि तिथंच ठरवणार, असं सांगून साहेब गेले.

आम्ही तसे निर्धास्त होतो. गावाची भूक आम्हाला माहीत होती. गंगूबाईची चक्की, लाँड्री, पिठलं शिजेपर्यंत चालणारे रेडिओ, सगळं एकदम लागलं की काटा कुठल्या कुठं जाईल. चाचा मात्र दोन दिवस नवाबालाच पुसत बसले. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘वसंता, ह्या गावात मी समद्यांच्या पोरींच्या लग्नाला उजेड दिला. माजी एकच पोरगी हाय. तिच्या निकाहला गावानं घरटी एक बत्ती ठिवून बाकीच्या मालवल्या पायजेत. माजी तेवढी उसनवारी राहिली हाय. मी नगरला भावाच्या दारात जाऊन पडलो तर ती कोन फेडनार?’’

चाचा असं कधी बोलायचे नाहीत. मी घाईनं म्हटलं, ‘‘कुठं जाताय तुम्ही? काटा चढणार.’’

‘‘काट्यावर माजा इस्वास न्हाई,’’ चाचा म्हणाले आणि हवेच्या टाकीवर थाप मारली. ‘‘हिच्यावर हाय. बोर्डाची लाइन लांबनं येती. वाटंत कुठंबी एक कावळा उलटा बसला का कारभार खलास. त्या दिवशी लाइन पडनार. साहेब पळत यील, चाचा, नवाब चालू करा. मंग मी इचारनार, साहेब, आता हाय का जागा?’’ आणि त्या दिवसापासून चाचांनी टाकी काठोकाठ भरून ठेवली. मला भोंग्याच्या साखळीला हातही लावू देईनात.

उद्घाटनाचा दिवस आला. पंचायतीनं थाट केला होता. वर गणपती छापलेली, कडेनं सोनेरी वेलबुट्टीची पत्रिका घरोघर गेली. दवंडी झाली. नव्या पॅनेलच्या खोलीसमोर मांडव, मांडवावर रंगीत बल्बच्या माळा, लाउडस्पीकर, आहेराला टोप्या आणि उपरणी. दुपारी नवाबाला हार घालून बंद केला. चाचांनी तो हार स्वतः घातला आणि शेडमधे जाऊन दार ओढून घेतलं. कार्यक्रमाला काही आले नाहीत.

दिवेलागणीला साहेबांनी बटण दाबलं. मांडवातल्या माळा अशा पेटल्या की डोळे दिपले. असला पांढराशुभ्र उजेड गावानं बघितला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब हसत हसत पॅनेलपाशी गेले, काटा बघितला, आणि त्यांचं हसू मावळलं. काटा तळाला आडवा पडला होता.

‘‘हे काय? गाव कुठं आहे तुमचं?’’

मी मांडवाबाहेर येऊन पाहिलं. सगळं गाव अंधारात बुडालं होतं. घरटी एक बत्ती, तीही कुठं कुठं नाही. चक्की गप्प, लाँड्री गप्प, रेडिओ गप्प. आणि मांडवात बसलेले लोक माळांकडं बोट दाखवून एकमेकांना कौतुकानं सांगत होते, बघा, कसा फाकलाय उजेड!

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गणपतीची पत्रिका आली, मांडव पडला, माळा लागल्या, बाहेरगावचा पाहुणा आला. गावाच्या दृष्टीनं हे बोर्डाचं लग्न होतं! बोर्ड बिचारं पहिल्यांदाच दारात आलेलं, त्याला उजेड कमी पडू नये म्हणून गावानं न सांगता, न घंटी वाजता, आपापले दिवे मालवले होते. मलाही आधी सुचलं नाही, कारण मीही त्याच गावचा. मीसुद्धा घरून निघताना दिवा मालवूनच आलो होतो.

साहेबांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी प्यायलोय. तरी माणूस सज्जन. त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, ‘‘मंडळी, घरोघरचे दिवे लावा. भरपूर वीज आहे. अजिबात संकोच करू नका.’’

गावानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या मागं बसलेले भिकोबा संपतला म्हणाले, ‘‘किती मोठ्या मनाचा मानूस! सोता अडचनीत हाय, पन दुसऱ्याला लावा म्हनतोय.’’ आणि कोणीही जागचं हललं नाही. यजमान आग्रह करतो म्हणून का कोणी लगेच पाटावर बसतं?

साहेब खुर्चीत बसले. ‘‘मी चहा घेतो,’’ म्हणाले. ‘‘चहा होईपर्यंत काटा हलला तर ठीक. नाहीतर मला जे दिसतंय तेच मानावं लागेल.’’ म्हणजे गाव तालुक्याला, आणि चाचा नगरला.

मी सायकलवर टांग मारली आणि सुटलो. आळीत शिरताच सवयीनं घंटी वाजवली. वाजवली आणि काय केलं ते कळलं, पण उशीर झाला होता. ज्या घरात एक बत्ती होती तीही गेली. मी ओरडतोय, ‘‘लावा! दिवे लावा!’’ आणि घंटी ऐकून बायका आतून एकमेकींना सांगतायत, ‘‘अगं, अजून कमी करा म्हनत्यात, लईच वढ दिसती!’’ मी पुढं जाईन तसा अंधार माझ्या मागं लागत होता. आयुष्यात इतका उलटा परिणाम मी दुसऱ्या कशाचा पाहिला नाही.

शेवटी गंगूबाईची चक्की गाठली. म्हटलं ही तरी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तर बाई अंधारात ओट्यावर बसलेली.

‘‘गंगूबाई, चक्की लावा!’’

‘‘आता का?’’ ती कडाडली. ‘‘जल्मात पयल्यांदा बंद केली, तर ते बी दिसंना व्हय तुला? मान्सं म्हनत्यात गंगूला रीत न्हाई. आज पाहुना परका हाय म्हनून थांबवली!’’

‘‘अहो, तुमच्या पाया पडतो, लावा. चाचांची नोकरी जाईल!’’

ती उठून उभी राहिली. क्षणभर वाटलं जमलं. पण मग मान हलवत म्हणाली, ‘‘भोंगा झाल्याबिगर कशी लावू? तूच सांग. समदं गाव थांबलंय.’’

भोंगा! मी सायकल वळवली.

शेडमधे चाचा नवाबाच्या चाकाला पाठ लावून बसले होते. शेजारी कंदील. दाढीला ताजी मेंदी. साहेब बोलवायला येतील म्हणून तयार होऊन बसलेला माणूस. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग टाकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘‘अजून लाइन पडली न्हाई?’’

‘‘नाही चाचा. चांगली चाललीय.’’

‘‘पडंल,’’ ते म्हणाले. ‘‘जरा थांब. पडंलच.’’

‘‘साहेबांचा चहा संपत आला असेल.’’

‘‘पाहुना परका हाय, मान्सं संकोच करत्यात. आखूड भोंग्यानं कोन उठायचं न्हाई आज. लांब द्यावा लागंल. हवा गेली म्हंजे नवाब गेला, वसंता. परत उठायचा न्हाई.’’

ती हवा म्हणजे त्यांचा एकुलता एक हुकमाचा पत्ता होता. चाचा उठले, हार जरा सरळ केला, नवाबाच्या अंगावरून हात फिरवला आणि ‘‘चल, माफ कर बाबा,’’ म्हणून दोन्ही हातांनी साखळी ओढली.

तसला भोंगा गावानं कधी ऐकला नव्हता. थांबेचना. माझे कान बधिर झाले, पत्रे थरथरायला लागले. हवा उतरत गेली तसा आवाज जाड होत गेला, मग घोगरा झाला, मग नुसता फुसफुसला, आणि मग साखळी ओढूनही काही येईना. तरी चाचांनी ती बराच वेळ धरून ठेवली होती.

मी बाहेर धावलो. गाव पेटत होतं. एकेक आळी करत दिवे येत होते. एवढा लांब भोंगा म्हणजे आज काहीतरी खास मोकळीक आहे असं लोकांनी धरलं आणि ज्याच्या घरात जे जे होतं ते ते लावलं. रेडिओ बोंबलायला लागले. लाँड्रीवाल्यानं दोन्ही इस्त्र्या तापवायला टाकल्या. आणि मग गंगूबाईची चक्की सुरू झाली. तिचा घरघराट मला त्या दिवशी सनईसारखा वाटला. पॅनेलपाशी पोचलो तर साहेब हातात कपबशी घेऊन उभे. ‘‘आलं, आलं! गाव आलं!’’ म्हणत होते. काटा चढत चढत पार टोकाला गेला.

आणि ठक्कन आवाज होऊन सगळं गेलं.

नव्या लाइनचा ब्रेकर पडला होता. भार सोसेना म्हणून यंत्रानं आपणहून वीज तोडली. मांडव, गाव, सगळं काळंकुट्ट. लगेच अंधारातून जुन्या सवयीनं एक हाक आली, ‘‘चाचा, नवाब चालू करा!’’ मग दुसरी आली, आणि मग सगळा मांडवच ओरडायला लागला.

साहेब हातात बॅटरी घेऊन शेडमधे शिरले. मी त्यांच्या मागं. चाचा तसेच उभे होते.

‘‘चाचा,’’ साहेब म्हणाले, ‘‘ब्रेकर बघेपर्यंत जरा इंजिन चालू करता का?’’

कितीतरी दिवस हा माणूस ह्याच एका वाक्याची वाट बघत होता, आणि ते असं आलं. मला रडूच फुटलं. अंधार होता म्हणून बरं.

‘‘न्हाई साहेब,’’ चाचा म्हणाले. ‘‘हवा न्हाई.’’

‘‘कुठं गेली?’’

‘‘गावाला दिली.’’

साहेबांना उमगेना. मी डोळे पुसत घाईघाईनं टाकीचं, भोंग्याचं, सगळं सांगितलं. ऐकून ते हत्यारांच्या पेटीवर मटकन बसले. मला वाटलं संतापले. पण त्यांचे खांदे हलत होते. माणूस पोट धरून हसत होता. ‘‘मी भार बघायला आलो होतो,’’ ते म्हणाले, ‘‘आणि गावानं माझा ब्रेकर पाडून दाखवला. आता इथं ऑफिस दिलं नाही तर मलाच जाब विचारतील. चाचा, उद्यापासून पॅनेलवर या.’’

‘‘बसून करायचं काम हाय?’’ चाचांनी विचारलं.

‘‘हो, खुर्ची आहे.’’

‘‘बघतो,’’ चाचा म्हणाले. एवढं सगळं झालं तरी ताठा तसूभर कमी नाही!

ऑफिस झालं, आम्ही सगळे राहिलो. विहिरींवर पंप बसले, उसाला पाणी मिळालं, माणसांचं भलं झालं, हे मी मान्य करतो. भंगारवाले नवाबाला न्यायला आले त्या दिवशी चाचांनी नगरला काम काढलं. भोंगाही त्याच ट्रकमधून गेला. आणि हळूहळू ती उसनवारी संपली. बोर्डाकडं उजेड बक्कळ, मग मागायचा कोणाला आणि द्यायचा कोणी? पत्रिका घेऊन कोणी पावरहाऊसला येईना. माझी घंटी वाजली की लोक फक्त बाजूला सरकायचे. ह्याचं मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं असं सांगायची सोय नव्हती. उजेड जास्त झाला म्हणून रडणाऱ्या वायरमनला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

मग रेहानाचं लग्न ठरलं. चाचांनी पहिली पत्रिका आणून पॅनेलवर ठेवली, म्हणजे स्वतःच स्वतःला दिली. मी सायकलची घंटी दाबून बघितली. चाचा म्हणाले, ‘‘न्हाई वसंता, आता कशाला? बोर्डाची लाइट हाय, कमी पडत न्हाई. लोकांना तरास नको.’’ आणि नजर चुकवून निघून गेले. मी त्यांचं ऐकलं. घंटी वाजवली नाही, कोणाला एका शब्दानं बोललो नाही.

निकाहच्या संध्याकाळी चाचांच्या जागी पॅनेलवर मी बसलो होतो. दिवे लागले, काटा रोजच्या जागी चढला. थोड्या वेळानं बघतो तर तो उतरतोय. मला वाटलं तार तुटली कुठंतरी. उतरतच चाललाय. मी उठून दारात आलो. भिकोबांच्या ओसरीवरचा बल्ब गेला, मग संपतचा. लाँड्री अंधारली. एकेक आळी मालवत चालली होती, घरटी एक बत्ती ठेवून. शेवटी गंगूबाईच्या चक्कीचा आवाज मंदावला आणि बंद झाला. सगळ्या गावात एक चाचांच्या दारचा मांडव तेवढा झगमगत होता.

तालुक्याहून फोन आला. तिथं कोणी नवे साहेब होते.

‘‘अहो, तुमच्याकडचा भार एकदम का पडला? फॉल्ट आहे का?’’

‘‘फॉल्ट नाही साहेब,’’ मी म्हटलं. ‘‘आमच्या घरी लग्न आहे.’’

फोन ठेवला आणि पॅनेलच्या खोलीतला दिवा मालवला.